पान्ह्याचे शास्त्र आणि गोठ्यातील संशोधक

भेदरलेली गाय पान्हा चोरते, हे आपल्या गोठ्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यामागील कारण उलगडण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९१० मध्ये ऑट व स्कॉट यांनी पोष ग्रंथीच्या मागील भागाचा अर्क शेळीस टोचला आणि दूध वाहू लागल्याचे पाहिले. १९४१ मध्ये अमेरिकेत एली व पीटरसन यांनी गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडले. तरीही पान्हा दोन्हीकडे उतरला. म्हणजे निरोप रक्तावाटे येत होता! कागदी पिशव्या फोडून गाईस घाबरविले, तेव्हा तो अडला.

१९५१ मध्ये स्टॉकहोमच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यामेंढ्यांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस विजेने चेतवून पान्हा आणला. १९५३ मध्ये तेथेच खारे पाणी टोचून शेळीची तहान जागविली. मेंदू आणि ग्रंथी यांचे नाते असे गोठ्यात उमगले. पान्ह्याचा निरोप नेणारे ऑक्सिटोसिन कृत्रिम रीतीने घडविणाऱ्या द्यु व्हिन्यो यांना १९५५ चे नोबेल पारितोषिक लाभले; अँडरसन यांच्यासारख्यांचे नाव मात्र सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचले.

आज तेच ऑक्सिटोसिन आपल्या देशात कित्येक गोठ्यांत दूध ओरबाडण्यासाठी टोचले जाते, याचा आम्हांस खेद वाटतो. या संशोधकांच्या आयुष्यभराच्या परिश्रमांतून आम्ही घ्यावयाचा बोध निराळाच आहे: पान्ह्यास सुई नको, निर्भयता हवी.