रणभूमीच्या जबानीची कुळकथा

माधव जूलियनांच्या ‘द्राक्षकन्ये’मुळे मराठी रसिकांस परिचित झालेला, उमर खय्यामच्या रुबायांचा इंग्रज रूपकार एडवर्ड फिट्झजेराल्ड याने १८४२ साली इंग्लंडातील नेस्बी येथे १६४५च्या, यादवी युद्धातील संग्रामातील मृतांचे दफनस्थान उकरविले आणि तेथील काही अवशेष क्रॉमवेलचा व्यासंग करणाऱ्या कार्लाइलकडे रवाना केले, कारण फिट्झजेराल्डच्याच घराण्याने भलत्या जागी उभारलेल्या स्तंभाने त्या थोर इतिहासकाराची दिशाभूल केली होती.

रणभूमीच्या पुरातत्त्वविद्येचे बीज येथे खचित आहे. परंतु पुढे दीर्घकाळ रणभूमी म्हणजे केवळ थडगी, अशीच समजूत राहिली. वस्ती शतकानुशतके थर टाकीत जाते, लढाई मात्र काही प्रहरांत मैलोगणती विखरून विरते. तेव्हा चौकोनी खड्डे खणणाऱ्याच्या हाती काय लागणार? ही अडचण सोडविणारे यंत्र युद्धानेच दिले. योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने १९४१ साली भूसुरुंग हुडकण्यासाठी सिद्ध केलेल्या धातुशोधक यंत्राने एल अलामेनच्या वाळूत ब्रिटिश फौजेस वाट करून दिली. शांततेच्या काळात अशी यंत्रे नाणी धुंडाळणाऱ्या हौशी लोकांच्या हाती गेली, आणि पुरातत्त्वज्ञांस ती लुटारूंची हत्यारे वाटू लागली.

हा किंतु फिटला तो अमेरिकेतील मोंटाना मुलुखात. लिटल बिगहॉर्न नदीकाठी २५ जून १८७६ रोजी लाकोटा, शायेन व अरापाहो वीरांनी अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्यासह त्याच्या तुकडीतील सुमारे २१० जणांचा निःशेष संहार केला होता. ऑगस्ट १९८३ मध्ये वणव्याने तेथील गवत जाळून जमीन उघडी पाडली, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी हौशी यंत्रधारकांसच रांगेने उभे करून ते सारे रान पायाखाली घातले. यंत्र बोलेल तेथे निशाण रोवायचे, हलक्या हाताने माती सारायची, आणि वस्तू उचलण्यापूर्वी तिचे स्थान, खोली व रोख यांचा पंचनामा करायचा, हा दंडक मला या विद्येचा प्राण वाटतो. कारण कोणी खिशात घालून नेलेली गोळी कायमची मुकी होते. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीवर उमटलेला टोचणीचा व्रण बंदुकीगणिक निराळा असतो. पोलिसी तपासातील ही युक्ती लावून एकाच बंदुकीच्या पुंगळ्या जुळविल्या, तेव्हा शतकापूर्वीचे एकेक हत्यार त्या उतारांवरून कसकसे सरकले, याचा माग लागला.

टेकडीवरील कस्टरच्या अखेरच्या चिवट झुंजीची जी वीरगाथा चित्रांतून घरोघर पोहोचली होती, तिला पुरेल इतक्या स्वारांच्या पुंगळ्या मात्र तेथे निघाल्या नाहीत. फौजेची फळी आधीच मोडली होती, असे फॉक्स यांनी प्रतिपादिले. लढाईतून जिवंत परतलेल्या कित्येक मूलनिवासी वीरांनी आपल्या जबान्यांत हेच सांगितले होते, आणि त्या परस्परविसंगत ठरवून बहुतेक इतिहासकारांनी शतकभर बाजूस सारल्या होत्या.