एक गुरू, चार शिष्य आणि आपला योगवर्ग

जानेवारी आला की कम्युनिटी सेंटरच्या दारावर योगवर्गांचे नवे वेळापत्रक लागते. हठ, विन्यास, अष्टांग, अय्यंगार, यिन, हॉट. आपण समोर उभे राहून गोंधळतो, आणि शेजारची इंग्रज बाई आपल्यालाच विचारते, तुम्ही तर इंडियातले, यातला खरा योग कोणता? मी एकदा ऐटीत सांगून टाकले, "सगळे एकच." आणि वेळ सोयीची म्हणून विन्यासचा वर्ग लावला. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणारा माणूस मी. तिसऱ्याच आठवड्यात मांडीच्या मागची शीर अशी धरली की दोन महिने कठडा धरून जिना चढत होतो. दोष शिकवणारीचा नव्हता. सॉफ्टवेअर बसवण्याआधी ते वापरणार कोण, हे आम्ही गिऱ्हाइकाला दहा वेळा विचारतो. इथे मी एकदाही विचारले नव्हते.

म्हणून आज थोडा इतिहास. हे सगळे प्रकार पाच हजार वर्षे असेच चालत आले, असा आपला समज असतो. पण पतंजलींच्या दोनशेच्या आत-बाहेर असलेल्या सूत्रांत थेट आसनाबद्दल जेमतेम तीन आहेत, आणि त्यांचा रोख स्थिर बसण्यावर आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या हठप्रदीपिकेत आसने वर्णिली आहेत पंधरा. आज वेळापत्रकावर दिसणारी बहुतेक नावे गेल्या शंभर वर्षांतली, आणि त्यांतल्या बऱ्याच नावांचा माग काढला तर आपण एकाच माणसापाशी येऊन पोचतो. तिरुमलै कृष्णमाचार्य.

1933 मध्ये म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने जगनमोहन राजवाड्यात त्यांची योगशाळा सुरू झाली. समोर होती वाढत्या वयाची मुले, अंगात मस्ती असलेली. त्यांना गटाने, श्वासाच्या तालावर, एका आसनातून दुसऱ्यात नेणारी पद्धत तिथे आकाराला आली. पट्टाभी जोईस हे त्या काळचे शिष्य. त्यांनी ती म्हैसुरात पुढे चालवली, तिला आज जग अष्टांग म्हणते. मालिका ठरलेली, क्रम मोडायचा नाही. विन्यास आणि पॉवर योगा ही त्याच घराण्यातली सैलसर भावंडे. दोन आसनांच्या मध्ये हातांवर खाली जाऊन वर येतात ना, ते तालमीत दंड मारलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल. यात आखाड्याचे किती आणि परदेशी जिम्नॅस्टिक्सचे किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण घाट तरुण शरीराचा आहे, एवढे करून पाहिले की कळतेच.

दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार. ते कृष्णमाचार्यांचे मेहुणे. 1918 चा जन्म, लहानपण आजारपणात गेलेले, अंग ताठ. गुरूंनी 1937 मध्ये त्यांना शिकवायला पुण्याला धाडले आणि ते पुण्याचेच झाले. स्वतःचे दुखरे अंग आणि पुढे समोर येऊ लागलेली दुखणेकरी माणसे, यांतून त्यांची पद्धत घडत गेली. एका आसनात बराच वेळ थांबायचे, टाच कुठे आणि खांदा कुठे ते बारकाईने पाहायचे, हात पोचत नसेल तर वीट घ्यायची, पट्टा घ्यायचा, खुर्ची घ्यायची. 1952 मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले, आणि त्यांच्यामुळे अय्यंगार युरोपात आले. 1966 मध्ये 'लाइट ऑन योगा' आले, आणि 1970 च्या सुमारास इथे लंडनमध्ये प्रौढ शिक्षणाच्या सरकारी वर्गांत त्यांची पद्धत शिकवली जाऊ लागली. आज कम्युनिटी सेंटरमध्ये योग दिसतो त्याची एक मुळी तिथे आहे.

तिसरी शिष्या इंद्रादेवी. रिगा शहरात जन्मलेली ही बाई कृष्णमाचार्यांकडे शिकली आणि पुढे तिने हॉलिवूडमध्ये योगवर्ग काढला, सौम्य वळणाचा. चौथे गुरूंचे चिरंजीव देशिकाचार. ते शिक्षणाने इंजिनिअर. तोवर कृष्णमाचार्य मद्रासला आले होते आणि एकेकाला समोर बसवून, त्याचे वय आणि व्याधी पाहून शिकवत होते. म्हणजे खुद्द गुरूंनीच माणूस बघून पद्धत बदलली. आपण मात्र "ओरिजिनल कोणते" यावर भांडतो!

आपल्या महाराष्ट्रातही काम चालू होते. 1918 मध्ये मुंबईत वर्सोव्याला श्री योगेंद्रांनी योग इन्स्टिट्यूट काढली, 1924 मध्ये लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम. दोघेही माधवदासजींचे शिष्य. कुवलयानंद क्ष-किरण आणि रक्तदाबाची यंत्रे लावून आसने आणि प्राणायाम तपासत होते. संसारी माणसाला झेपेल असा योग हवा, ही त्यांची धडपड. आणि सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रचार केला तो औंधच्या पंतप्रतिनिधींनी. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते.

आता वर्ग निवडताना. विशी-तिशीत असाल, पळणे-पोहणे चालू असेल, शिस्त आवडत असेल, तर अष्टांग जरूर बघा. खुर्चीत वर्षे गेली असतील, गुडघा-कंबर कुरकुरत असेल, तर अय्यंगारचा नवशिक्यांचा वर्ग. बाळंतपण, शस्त्रक्रिया, हृदयविकार यांनंतर आधी डॉक्टरांना विचारा आणि मग एकेकट्याला शिकवणारे कोणी शोधा. रक्तदाब असेल तर तापवलेल्या खोलीतला हॉट योगा आणि शीर्षासन परस्पर सुरू करू नका. यिनमध्ये हालचाल कमी, थांबणे जास्त. ते सोपे दिसते, पण ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत त्यांनी आधी शिक्षकांना तसे सांगावे. आणि वर्ग कुठलाही असो, पहिल्या दिवशी विचारा: मला हे जमले नाही तर त्याऐवजी काय करू? उत्तर देताना शिक्षक अडखळले, तर पैसे भरू नका.

मी सध्या मंगळवारी संध्याकाळी अय्यंगारला जातो. आमच्या बाई यॉर्कशायरच्या, पुण्याला मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत महिनाभर शिकून आलेल्या. त्रिकोणासनात मला हाताखाली वीट घ्यायला लावतात. जमीन अजून चार बोटे लांब आहे.