केहास, ओ ला माहा इ एल रुइसेन्योर

स्पॅनिश संगीतकार एन्रिके ग्रानाडोस (१८६७–१९१६) याची एकल पियानोकरिता रचलेली भावगर्भ कृती. चित्रकार गोया याच्या कलासृष्टीवरून स्फुरलेल्या ‘गोयेस्कास’ (१९११) या पियानो-मालिकेतील ही चौथी रचना असून, ती ग्रानाडोसने आपली पत्नी आंपारो हिला अर्पण केली आहे. माद्रिदची मानिनी युवती, म्हणजे माहा, नाइटिंगेल पक्ष्यापाशी आपल्या प्रेमाची कैफियत मांडते, अशी येथील कल्पना. वालेन्सिया प्रांतातील एका लोकगीताची चाल एफ शार्प मायनरमध्ये मंदगतीने उमटते, आणि पुढे प्रत्येक आवर्तनागणिक तिच्याभोवतीच्या उपस्वरांची वीण इतकी दाट होत जाते की, परिचित चालही श्रोत्यास नव्याने भेटावी. अखेरीस युवती थांबते व पक्षी उत्तर देतो. वरच्या सप्तकांतील कंपित स्वरांचा व द्रुत तानांचा हा भाग निव्वळ अनुकरण नव्हे, तर पियानोवाङ्मयातील पक्षिगानाचा एक अत्यंत हृद्य आविष्कार होय. मालिकेवर आधारलेल्या त्याच नावाच्या संगीतिकेत ही रचना नायिकेच्या कंठी आली. या संगीतिकेचा पहिला प्रयोग २८ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात झाला. तेथून स्वदेशी परतताना, २४ मार्च १९१६ रोजी, इंग्लिश खाडीत ‘ससेक्स’ बोटीवर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो डागला व त्यात ग्रानाडोस आणि आंपारो या दोघांचाही अंत झाला.