मधुमेहजन्य वृक्कविकार : पूर्वचिन्हांच्या शोधाचा इतिहास

मधुमेहात रक्तातील साखर दीर्घकाल वाढलेली राहिल्याने वृक्कातील (मूत्रपिंडातील) सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जी हानी होते, तिला मधुमेहजन्य वृक्कविकार म्हणतात. पायांवर सूज, भूक मंदावणे, थकवा इ. लक्षणे दिसू लागतात तेव्हा वृक्काचे बरेचसे कार्य कायमचे नष्ट झालेले असते. तत्पूर्वीची अनेक वर्षे रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही. म्हणून या विकाराच्या ज्ञानातील प्रगती मुख्यत्वे मूत्रातील एका प्रथिनाच्या मोजमापावर अवलंबून राहिली.

हे प्रथिन म्हणजे अल्ब्युमीन होय. प्रत्येक वृक्कात सु. दहा लाख केशिकागुच्छ असून त्यांतून रक्त गाळले जाते. निरोगी अवस्थेत अल्ब्युमीन जवळजवळ पूर्णपणे रक्तातच राहते. दिवसाकाठी ३० मिग्रॅ.हून कमी, बहुधा त्याहूनही बरेच कमी, मूत्रात उतरते. गाळणीचे पटल बिघडले की हे प्रमाण वाढते. मूत्रातील साखर चवीवरून किंवा जमणाऱ्या मुंग्यांवरून प्राचीन काळीही ओळखता येई. अल्ब्युमिनाबाबत असे कोणतेही साधन नव्हते.

इटालियन वैद्य दोमेनीको कोतून्यो यांनी १७६४ मध्ये अंगावर सूज आलेल्या एका सैनिकाचे मूत्र तापवले असता ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे गोठल्याची नोंद केली. लंडनच्या गाय रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, गोठणारे मूत्र व शवविच्छेदनात आढळणारी वृक्कविकृती यांचा संबंध दाखवून दिला. पळीत मूत्र घेऊन मेणबत्तीवर तापवणे ही त्यांची परीक्षा पुढे दीर्घकाल रूढ राहिली. तिच्यात दोष असा की, अल्ब्युमीन भरपूर असल्याखेरीज मूत्र गढूळ होत नाही. परीक्षेत काही न आढळल्यास वृक्क निर्दोष समजले जात. ही समजूत शंभराहून अधिक वर्षे टिकली.

मधुमेहाशी वृक्कविकाराचा निश्चित संबंध प्रस्थापित होण्यास इन्शुलीन उपलब्ध व्हावे लागले. १९२२ पासून त्याचा उपचारात वापर होऊ लागल्यावर, पूर्वी अल्पावधीत दगावणारे रुग्ण दीर्घकाल जगू लागले व उशिरा उद्‌भवणारे उपद्रव पुढे आले. १९३६ मध्ये पॉल किमेलस्टील व क्लिफर्ड विल्सन यांनी अमेरिकेत आठ शवांच्या वृक्कांतील केशिकागुच्छांत विशिष्ट गाठी आढळल्याचे वर्णन केले. त्यांतील बहुतेक व्यक्ती मधुमेही होत्या. त्याच वर्षी हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी इन्शुलिनास प्रतिसाद देणारा व न देणारा असे मधुमेहाचे दोन प्रकार असल्याचे प्रतिपादले. या विवेचनात अभिप्रेत असलेला दुसरा प्रकार बहुधा प्रौढपणी जडतो आणि निदानापूर्वी कित्येक वर्षे नकळत असू शकतो. म्हणूनच आज पहिल्या प्रकारात वृक्कपरीक्षा निदानानंतर पाच वर्षांनी, तर दुसऱ्या प्रकारात निदानाच्या वेळीच सुरू करतात.

खरे वळण १९६३ मध्ये मिळाले. गाय रुग्णालयातीलच हॅरी कीन व सी. क्लूवेराकिस यांनी प्रतिपिंडांच्या व किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने मूत्रातील अत्यल्प अल्ब्युमीन मोजण्याची पद्धती प्रसिद्ध केली. बेडफर्ड येथील पाहणीत रक्तशर्करा वाढल्याचे नव्यानेच लक्षात आलेल्या व्यक्तींवर ती वापरली असता, नेहमीच्या परीक्षेत मूत्र निर्दोष ठरूनही अल्ब्युमीन वाढलेले आढळले. दिवसाला ३० ते ३०० मिग्रॅ. या पातळीस पुढे सूक्ष्म अल्ब्युमीनमेह हे नाव मिळाले. (नाव काहीसे फसवे आहे, सूक्ष्म असते ते प्रमाण, रेणू नव्हे.) १९८२ मध्ये जी. सी. व्हिबेर्ती व सहकाऱ्यांनी पहिल्या प्रकारात, तर १९८४ मध्ये डेन्मार्कच्या सी. ई. मोगेन्सेन यांनी दुसऱ्या प्रकारात, या अवस्थेवरून भावी वृक्कविकाराचे भाकीत करता येते असे दाखविले. मोगेन्सेन यांनी १९७३ मध्ये तपासलेल्या रुग्णांचा सु. नऊ वर्षे मागोवा घेतला होता. अल्ब्युमीन वाढलेल्यांत मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. कारण हे चिन्ह हृदय व रक्तवाहिन्यांच्या हानीचेही सूचक आहे.

ब्रिटनमधील १९७७ ते १९९७ या काळातील मोठ्या अभ्यासात निदानानंतर दहा वर्षांनी सु. एकचतुर्थांश रुग्णांत ही किंवा याहून पुढची अवस्था आढळली. रक्तशर्करा व रक्तदाब यांच्या काटेकोर नियंत्रणाने सूक्ष्म वाहिन्यांची हानी कमी होते, हेही त्याच अभ्यासाने १९९८ मध्ये सिद्ध केले. या अवस्थेत इर्बेसार्टान हे औषध वृक्कविकाराची वाढ मंदावते असे २००१ मध्ये दिसून आले. २०१८ मध्ये कॅनाग्लिफ्लोझीनची चाचणी लाभ स्पष्ट झाल्याने मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. या गटातील औषधांचे मूळ, सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळ्या केलेल्या फ्लोरिझीन या द्रव्यात आहे.

अल्ब्युमीन हे चिन्ह मात्र सर्वस्वी विश्वसनीय नाही. ताप, अतिश्रम व मूत्रमार्गाचा संसर्ग यांतही ते तात्पुरते वाढते. म्हणून तीन ते सहा महिन्यांतील तीनपैकी किमान दोन नमुन्यांत वाढ आढळल्यासच निष्कर्ष काढतात. उलटपक्षी, वरील ब्रिटिश अभ्यासाच्या २००६ मधील विश्लेषणात वृक्ककार्य घटलेल्यांपैकी सु. निम्म्या रुग्णांत त्यापूर्वी अल्ब्युमीन वाढलेलेच नव्हते. यास्तव मूत्रपरीक्षेबरोबरच रक्तातील क्रिएटिनीनवरून केशिकागुच्छांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज निदानाच्या वेळी व पुढे दरवर्षी घेतला जातो.