परदेशी सिनेगॉग, कोची

केरळातील कोची शहराच्या मट्टांचेरी भागातील ज्यूंचे प्रार्थनामंदिर. स्थापना १५६८. डच-पोर्तुगीज संघर्षात १६६२ मध्ये ते जाळपोळीला बळी पडले व डच अमदानीत पुन्हा उभे राहिले.

पूर्वेतिहास : मलबारातील ज्यूंचे जुने केंद्र कोडुंगल्लूर. सोळाव्या शतकातील हल्ले आणि पोर्तुगिजांचा जाच यांमुळे तेथील ज्यू कोचीकडे आले. स्पेन-पोर्तुगालमधील धर्मछळातून निसटलेली कुटुंबेही त्यांना येऊन मिळाली. कोचीच्या राजाने आपल्या वाड्यालगत त्यांना जागा दिली. बाहेरून आलेल्या या ज्यूंना ‘परदेशी’ म्हणत. तेच नाव सिनेगॉगला मिळाले.

विध्वंस : मिरीच्या व्यापारासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६६२ च्या प्रारंभी कोचीला वेढा घातला. ज्यूंनी डचांना साह्य केले. परंतु वेढा फसून डच माघारी फिरले. पोर्तुगिजांनी मग ज्यू वस्ती लुटली आणि सिनेगॉगला आग लावली. इमारतीबरोबर जुनी कागदपत्रेही नष्ट झाली. जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोची जिंकल्यावर लवकरच सिनेगॉगची पुन्हा उभारणी झाली.

वास्तू : डच कंपनीशी व्यवहार असलेले व्यापारी एझिकेल रहाबी यांनी १७६० मध्ये घड्याळाचा मनोरा बांधला. जमिनीवर हाताने रंगविलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत. ज्यूंचा पुढारी जोसेफ रब्बान याला सु. १००० मध्ये मिळालेल्या सनदेचे ताम्रपटही येथे जपलेले आहेत.

कोकणाशी संबंध : रहाबी यांच्या १७६८ च्या पत्रात मराठा मुलखातील, तेलाच्या घाण्यांवर जगणाऱ्या व शब्बाथ (शनिवारचा विश्रांतिदिन) पाळणाऱ्या बेने इस्रायल समाजाचा उल्लेख आहे, कोकणात हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेतून सुटलेले सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत ‘शार हारहमीम’ हे बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग बांधले. त्यासाठी तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीस गेले आणि १७९७ मध्ये तेथेच वारले. पुढे १८२६ पासून कोचीच्या ज्यू शिक्षकांनी कोकणात धर्मशिक्षण दिले.

सद्यःस्थिती : सिनेगॉगच्या चतुःशताब्दीस १९६८ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या, टपाल खात्याने त्यानिमित्त तिकीट काढले. इस्रायलला झालेल्या स्थलांतरामुळे परदेशी ज्यूंची संख्या नगण्य उरली असून सिनेगॉग आज मुख्यतः पर्यटकांना परिचित आहे.