प्रमाणपत्रावरचा रकाना

1943 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांची हकिकत छापली आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव मिळालं. पुढे बराच काळ खापर आईवर फोडलं गेलं: तिची माया कमी, म्हणून मूल असं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी, ते स्वतः अशा मुलाचे वडील होते, पुस्तक लिहून हे मत खोडून काढलं. पुसद-दिग्रसच्या मोहल्ल्यात आईला आजही तेच ऐकावं लागतं. शब्द तेवढे वेगळे: नजर, असर, आता मोबाइल.

आपल्याकडे 1995 मध्ये अपंग व्यक्तींसाठी कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, स्वमग्नता नव्हती. प्रमाणपत्र त्या यादीवरून मिळायचं. मग मुलाला 'मतिमंद' म्हणून नोंदवा, नाहीतर रिकाम्या हातानं परत या. जे मूल हिशेबात हुशार आहे पण बोलत नाही, ते कुठल्या रकान्यात बसवणार? 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचं नाव आलं. त्याच न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. थेरपीचा खर्चही तीत धरतात. पण 21 प्रकारांच्या यादीत नाव यायला 2016 चा कायदा यावा लागला. तोवर 1995 मध्ये जन्मलेलं मूल 21 वर्षांचं झालं होतं.

मधल्या काळात, 2013 मध्ये, पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा तपासणी; शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायचं. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळाही त्यात येतात. कागदावर योजना चांगली आहे. मात्र पथक येणार त्या दिवशी नेमकं तेच मूल घरी ठेवलं जातं, हे मी शिक्षक म्हणून पाहिलंय. लोक काय म्हणतील, पुढे बहिणीचं लग्न कसं जमेल, ही धास्ती.

आणि शंका आलीच, तर उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर. थेरपी एका फेरीत होत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. दर फेरीला रोजंदारीवरच्या बापाची मजुरी बुडते. त्यात भाषा. मुलाला चित्र दाखवून 'भूक लागली' शिकवतात. घरी अम्मी उर्दूत बोलते. तिनं घरी काय करायचं, तो कागद मराठीत असतो, कधी इंग्रजीत. ती तो घडी घालून प्रमाणपत्राच्या पिशवीत ठेवते.