लिहिणारा एक, कोरणारा दुसरा

जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचताना एक गोष्ट नेहमी लक्ष वेधून घेते. पुष्कळ लेखांच्या शेवटी दोन वेगळी कामे नोंदलेली असतात. एक 'लिखितं', म्हणजे अमक्याने लिहिले. दुसरे 'उत्कीर्णं', म्हणजे तमक्याने कोरले. लेखक आधी दगडावर किंवा पत्र्यावर अक्षरे काढून देई आणि कोरणारा त्या रेषांवरून छिन्नी चालवी. त्याला स्वतःला वाचता येत असेलच असे नाही. त्यामुळे लेखकाची चूक दगडात उतरे, शिवाय कोरणाऱ्याच्या हातून एखादा अनुस्वार किंवा काना सुटे. असे सुटलेले काने-मात्रे जुळवण्यात पुराभिलेख वाचणाऱ्या विद्वानांचा बराच काळ जातो.

हे आठवायचे कारण आमच्या कळमन्याच्या पाट्या. बाजार समितीमुळे इकडे दुकाने, गोदामे, अडती भरपूर. २०२२ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असेही ठरले. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी पाटीला मागणी आली. लाकडावर, ॲक्रिलिकवर ती कोरायला आता सीएनसी राऊटर आहे. आकृती संगणकात, कातणारी बिट यंत्रात. म्हणजे कोरणारा पुन्हा एकदा अक्षरशत्रू! सांगाल ते इमानेइतबारे कोरणार, पण वाचणार मात्र नाही.

आमच्या भागाला ही विद्या नवी नाही. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. त्यांच्या बहुतेक ताम्रपटांची लिपी 'पेटिकाशीर्षक' आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक लहानशी चौकोनी पेटी. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांचा संपादित ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, माळव्याच्या परमारांची प्रशस्ती कोरलेली शिळा आहे. तिचे साल विक्रम संवत् ११६१, म्हणजे इसवी सन ११०४-०५. तोवर पेट्या जाऊन नागरी अक्षर आलेले होते. सहा-सातशे वर्षांत लिपी बदलली, पण लिहिणारा आणि कोरणारा ही जोडी कायम राहिली.

छापखाना आला तेव्हाही ती मोडली नाही. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. त्याचे सुबक खिळे पुढे देशभर नावाजले. पण प्रत्येक खिळ्याचा जन्म कोरण्यातूनच होई. पोलादी ठशाच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिसे ओतायचे. त्या कारागिराला अक्षर कळावेच लागे, कारण एक वाकडे अक्षर हजारो पानांवर वाकडे छापले जाई.

आता बिटकडे येऊ. मुख्य प्रकार दोन. सपाट टोकाची बिट सारख्या रुंदीचा चर पाडते. ती गोल फिरते, म्हणून आतला कोपरा कधीच टोकदार करत नाही. ३ मिलिमीटरच्या बिटने आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येचा गोल होणारच. अक्षर खोल कोरायचे असेल तर बिट अक्षराच्या सर्वांत बारीक रेषेहून बारीक हवी. अक्षर उठावाचे ठेवायचे असेल तर ती 'प'च्या पोटात आणि 'क्ष'च्या फटीत शिरायला हवी. नाहीतर ती पोकळी कोरलीच जात नाही.

दुसरी व्ही आकाराची बिट. ही मला छिन्नीची नात वाटते. रेषा रुंद तिथे ती खोल जाते, रेषा निमुळती झाली की वर येते आणि कोपऱ्यात टोक उचलून कोपरा धारदार करते. ९० अंशांच्या बिटने १० मिलिमीटर रुंद रेषा ५ मिलिमीटर खोल होते. ६० अंशांच्या बिटने तीच सुमारे ८.७. फळी १२ मिलिमीटरची असेल तर हा हिशेब आधी केलेला बरा. सागवानावर वरची कड स्वच्छ हवी असेल तर भुसा खाली दाबणारी बिट चांगली. भुसा वर ओढणारी बिट चर मोकळा ठेवते, पण कडेचे तंतू उपसते.

यावरून फाँट ठरतो. बोरूच्या वळणाचे, जाड-बारीक रेषांचे अक्षर व्ही बिटला शोभते, कारण तिथे जाडी खोलीत उतरते आणि ऊन पडले की सावलीने अक्षर उठून दिसते. 'मुक्ता'सारखे सारख्या जाडीचे अक्षर सपाट बिटला सोयीचे. र. कृ. जोशींचा 'मंगल' विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचला, पण तो पडद्यासाठी घडवलेला होता. संगणकात हाताशी आहे म्हणून तोच फळीवर चढवू नये.

देवनागरीची म्हणून आणखी दोन पथ्ये आहेत. पहिले शिरोरेषेचे. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. आकृती यंत्राला देण्याआधी हे तुकडे एकजीव केले नाहीत, तर प्रत्येक सांध्यावर डाग उमटतो. दुसरे जोडाक्षरांचे. काही आरेखन-प्रणालींना युनिकोड देवनागरी नीट जुळवता येत नाही. वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त लोंबतो. अशा वेळी मजकूर दुसरीकडे जुळवून त्याची आकृती आणावी.

आणि फाँट मराठी वळणाचा आहे ना, हेही पाहावे. मराठी आणि हिंदी 'ल', 'श' यांची वळणे वेगळी. संगणकाला मात्र दोन्ही एकच. 'टिरो देवनागरी मराठी'सारखे मराठी वळणाचे फाँट आज फुकट मिळतात. 'ऱ्य'ही तपासावा. 'आचार्यांचा' आणि 'आचाऱ्यांचा' यांत एका रफाराचा फरक आहे, पण एक पाटी मठावर शोभेल आणि दुसरी खानावळीवर.

चाळीस वर्षे फळ्यावर लिहिलेल्या माणसाला हे काटेकोरपण जडतेच. पण मुलांचे पहिले वाचन पुस्तकात होत नाही, रस्त्यावर होते. बापाच्या स्कूटरवर पुढे उभे राहून मूल पाट्या वाचत जाते. खडूची चूक डस्टरने पुसता येते. सागवानात ५ मिलिमीटर खोल गेलेली चूक दुकान आहे तोवर शिकवत राहते.

कायद्याने मराठी अक्षराचा आकार ठरवून दिला. त्याचे वळण ठरवायचे काम आपल्याकडे उरले आहे. यंत्राने कोरणाऱ्याची जागा घेतली, लेखकाची घेतलेली नाही. म्हणून बिट फिरण्याआधी मजकूर कागदावर छापून घ्यावा आणि मराठी नीट वाचणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावा. त्याला दहा मिनिटे लागतात. पुढे कुणी आपल्या काळच्या पाट्या वाचायला बसलेच, तर 'लिखितं'पुढचे नाव आपले असणार आहे.